डांबराचे दोन हात

जयप्रकाश मोकाशीला काळजी करायला कारण लागत नसे, फक्त मोकळा वेळ लागे. विमान संध्याकाळचं असलं तर हा सकाळी नऊपासून बॅगा दाराशी लावून सोफ्याच्या कडेवर बसणार. गॅस बंद केला का, ते तीनदा पाहून येणार आणि चौथ्यांदा बायकोला पाठवणार. बहारीनमध्ये मआमीर गावाजवळच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं प्रेशरचे आणि टेंपरेचरचे काटे सांभाळलेल्या इंजिनिअरचा स्वभाव दुसरा कसा होणार? काटा लाल रेषेकडे सरकायच्या आधीच घाम फुटणं, याचाच त्याला पगार मिळत होता.

त्यामुळे त्या शुक्रवारी, कार्यक्रम संध्याकाळी सहाला असताना, हा दुपारी बारालाच सनद भागातल्या आपल्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला. त्याच्या भाषणाआधी मोठ्या पडद्यावर एका जुन्या मल्याळी सिनेमाचा तुकडा दाखवणार होते. तो किती मिनिटांचा आहे ते मोजून ठेवावं, म्हणजे टाळ्या थांबेपर्यंत आपण माइकपाशी पोचलेलो असू, इतकाच त्याचा हेतू होता.

कार्यक्रम केळुकुट्टी माषांच्या आठवणींचा होता. माष म्हणजे मास्तर. सिनेमात येण्याआधी ते शाळेत शिकवत, आणि मल्याळी माणसांनी त्यांची ती पदवी शेवटपर्यंत काढून घेतली नाही. तीन आठवड्यांपूर्वी वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी ते केरळात गेले, तेव्हा बहारीनमधल्या कितीतरी मल्याळी दुकानांत गल्ल्यामागे त्यांचा फोटो लागला, त्याला मोगऱ्याचा हार चढला. स्मिता, म्हणजे जयप्रकाशची बायको, लग्नानंतर पहिल्यांदा ते नाव ऐकून खो खो हसली होती. केळी विकतो का हा, असं तिनं विचारलं होतं. तीच स्मिता आता माष गेल्याचं कळल्यावर देवापुढे दिवा लावून बसली आणि म्हणाली, ‘घरातलंच माणूस गेलं हो.’

संध्याकाळी आठ वक्ते मल्याळी होते आणि एकटा हा साताऱ्याचा. ती कल्पना नझीरची. नझीर म्हणजे जयप्रकाशचा तीस वर्षांचा दोस्त. पूर्वी जुफैरला जयप्रकाशच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर राहायचा आणि मनामात एका व्हिडिओ लायब्ररीत कामाला असायचा. आता त्याचे केस पांढरे झाले होते, लायब्ररी केव्हाच बंद पडली होती, आणि तो मल्याळी समाजाच्या कमिटीवर होता. ‘हमारा जेपी बोलेगा,’ त्यानं कमिटीत सांगून टाकलं होतं. ‘बाहर का आदमी माष के बारे में बोलेगा, तो सबको अच्छा लगेगा.’

आणि जयप्रकाशकडे बोलण्यासारखं होतं. सव्वीस वर्षं जपून ठेवलेलं होतं.

सन दोन हजारमध्ये स्मिताचं पहिलं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर ती एक शब्द बोलली नाही. तिची आई आली आणि तिला कराडला घेऊन गेली. जयप्रकाश इथेच राहिला. कारखान्यात दुरुस्तीचा शटडाऊन आहे, रजा मिळत नाही, असं तो सगळ्यांना सांगत असे. खरी गोष्ट अशी, की त्यानं रजा मागितलीच नव्हती. तिच्यासमोर जाऊन काय बोलायचं हे त्याला सुचत नव्हतं, आणि सुचेपर्यंत जायचं नाही असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. फोन केला की सासूबाई म्हणत, ती झोपलीय. असे दोन महिने गेले. सासूबाईंचा आवाज दर आठवड्याला जरा जास्त कोरडा होत गेला.

मग एका शुक्रवारी नझीर कॅसेट घेऊन खाली आला. सिनेमात माष होडीवाले झाले होते. बायको माहेरी निघून गेलेली, होडी वाळूत पालथी पडलेली, आणि घाटाच्या पायरीवर बसून माष दुसऱ्या एका होडीवाल्याशी साडेतीन मिनिटं एकटेच बोलतात. आवाज चढत नाही, हात हलत नाहीत, कॅमेरासुद्धा जागचा हलत नाही. जयप्रकाशला मल्याळी ओ की ठो कळत नव्हतं. नझीर शेजारी बसून आपल्या मोडक्या हिंदीत एकेक वाक्य सांगत होता. ‘बोलता है, औरत को तुम्हारा बात नहीं चाहिए. तुम जाके उसके बाजू में बैठो. मुंह से कुछ नहीं निकला तो भी चलेगा, खाली हाथ गया तो भी चलेगा. लेकिन जाओ. आज नहीं गया तो फिर पूरा जिंदगी जाने का रास्ता ढूंढेगा, मिलेगा नहीं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी जयप्रकाशनं रजा मागितली. दहा मिनिटांत मिळाली, याची त्याला पुढे कितीतरी वर्षं लाज वाटत राहिली. कराडला मागच्या अंगणात स्मिता बसलेली होती, तिच्या शेजारी जाऊन तो नुसता बसला. दोन दिवस कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, ‘जेवलात का?’ तेव्हा त्याला रडू फुटलं आणि त्यानं तिला ते होडीवाल्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. महिन्याभरानं ती परत बहारीनला आली. दोन वर्षांनी सावनी झाली. त्यांच्या घरी जेवायला आलेल्या प्रत्येक मराठी पाहुण्यानं ही गोष्ट एकदा तरी ऐकलेली होती, आणि सांगायची ती स्मिताच. मल्याळी दोस्तांसमोर गोष्ट सांगायची वेळच यायची नाही. जयप्रकाशनं नुसतं ‘वो सीढी वाला सीन’ म्हटलं की समोरच्याचे डोळे भरून यायचे, छातीवर हात जायचा, आणि विषय तिथेच थांबायचा.

तो सिनेमा त्यानं परत कधी पाहिला नव्हता. आता माष गेल्यावर कोणीतरी त्याची प्रत नव्यानं स्वच्छ करून घेतली होती. कार्यक्रमाला बहारीनी पाहुणेही येणार, म्हणून इंग्रजी सबटायटल असलेली प्रत निवडली होती. जयप्रकाशनं लिंक उघडली, मोबाइलवर सेकंद मोजायला लावले आणि चहाचा घोट घेतला.

माष पायरीवर बसले. तेच डोळे, तीच खांद्यावरची पंच्याची घडी. ओठ हलले आणि खाली इंग्रजी अक्षरं उमटली. या खेपेला डांबर पातळ आलंय.

पुढे होडीच्या फळ्यांचं आलं. एक हात देऊन भागायचं नाही, दोन द्यावे लागतील. पहिला वाळल्याशिवाय दुसरा देऊ नकोस. उन्हात ठेवलीस तर फळी तडकेल. मागल्या वर्षीचं डांबर चांगलं होतं, तो दुकानदार आता राहिला नाही. साडेतीन मिनिटं निव्वळ डांबर! बायकोचं नाव नाही, जाण्याचं नाव नाही, शेजारी बसण्याचं तर नाहीच नाही.

जयप्रकाशनं तुकडा तीनदा पाहिला. चौथ्यांदा पाहायला स्मिताला हाक मारणार होता, पण जीभ चावली.

त्याच्या खिशात चार पानांचं भाषण होतं आणि पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून ते त्या वाक्यांवर उभं होतं. पाचशे मल्याळी माणसांना तो सिनेमा तोंडपाठ. त्यांच्यासमोर उभं राहून हा गृहस्थ डांबराच्या जागी बायकोचं मन सांगणार! पण हसं झालं असतं तर तो एक वेळ सोसून गेला असता. खरी भीती पहिल्या रांगेत बसणार होती. स्मिता शाळेत इंग्रजी शिकवायची. पडद्यावरचं एकही अक्षर तिच्या नजरेतून सुटणार नव्हतं. ज्या बोलण्यावर विश्वास ठेवून ती परत आली, ते कोणी कधी बोललंच नव्हतं, हे तिला आपल्या नवऱ्याच्या भाषणाआधी, मोठ्या अक्षरांत, पाचशे लोकांबरोबर कळणार होतं.

त्यानं नझीरला फोन केला. उचलला नाही. जुम्म्याची नमाज असेल म्हणून एक वाजता केला, दीडला केला, दोनला केला. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. मग त्यानं पडद्याचं काम बघणाऱ्या ओवैसला गाठलं.

‘ओवैसभाई, मेरा क्लिप निकाल दो. सीधा भाषण करता हूं.’

‘अंकल, अब कुछ नहीं होगा. पूरा प्रोग्रॅम जोडके टेस्ट भी हो गया. खलास.’

‘सबटायटल तो निकाल सकते हो?’

‘प्रिंट में ही हैं, अंकल. क्यों, स्पेलिंग मिस्टेक है क्या?’

‘नहीं,’ जयप्रकाश म्हणाला. ‘स्पेलिंग सब बरोबर है.’

स्मिता आत सोनेरी काठाची केरळी साडी इस्त्री करत होती. खास आजच्यासाठी आणलेली. तो दारात जाऊन उभा राहिला.

‘तुझी पाठ दुखत होती ना काल?’

‘मागच्या महिन्यात.’

‘नाही, तिथल्या खुर्च्या कडक असतात. तीन तास बसायचं. तू नाही आलीस तरी...’

‘अहो, काय झालंय तुम्हाला?’ तिनं इस्त्री उभी केली. ‘आयुष्यात पहिल्यांदा नवरा स्टेजवर चढतोय, आणि मी घरी पाठ शेकत बसू? ओवा देऊ का? तोंड बघा कसं झालंय.’

त्यानं ओवा खाल्ला. आता सांगून टाकावं असं त्याला दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा तिनं साडी अंगाला लावून आरशात पाहिलं. मग नाही सांगवलं.

गाडी चालवताना त्याचं वळण चुकलं. एकतीस वर्षांच्या रस्त्यावर! स्मितानं ओव्याची पुडी पुढे केली.

हॉल साडेपाचलाच भरला होता. स्टेजवर माषांचा माणूसभर उंचीचा फोटो, पुढे समई, आणि माणसं आत येताना चपला बाहेर काढत होती, जणू देवळात आलेली. स्मिताला पहिल्या रांगेत बसवून जयप्रकाश नझीरला शोधत सुटला. नझीर स्टेजच्या बाजूला, चहाच्या मोठ्या थर्मासांमागे सापडला. नेसलेलं पांढरं केरळी मुंडू, पांढरा शर्ट, हातात वक्त्यांची यादी. जयप्रकाशला पाहताच त्यानं यादीत डोकं खुपसलं.

‘नझीर, वो डांबर का बात कर रहा है.’

नझीरनं मान वर केली नाही. ‘हां.’

‘पूरा सीन डांबर है!’

‘दो कोट,’ नझीर हळूच म्हणाला. ‘पहला सूखने के बाद दूसरा.’

‘तो मेरे को तुमने क्या सुनाया? छब्बीस साल मैं सब को वही बताता फिरा. और तुम फोन भी नहीं उठाता!’

‘क्लिप का लिस्ट मैंने सुबह देखा, जेपी. मेरा हिम्मत नहीं हुआ.’ त्यानं यादीची घडी घातली, उघडली, परत घातली. ‘तुम गया कि नहीं गया?’

‘गया.’

‘फिर?’

‘फिर क्या! मेरी बीवी सामने बैठी है. अभी पढेगी वो.’

‘तुम कुछ और बोलो. आंख के बारे में बोलो. माष का आंख बहुत अच्छा था.’

जयप्रकाशला इतका राग आला, की त्या थर्मासातला चहा याच्या पांढऱ्या शर्टावर ओतावा असं वाटलं. पण तेवढ्यात माइकवरून त्याचं नाव पुकारलं गेलं, दिवे मंद झाले आणि पडदा उजळला.

तो स्टेजच्या पायरीपाशी उभा राहिला. पडद्याकडे त्यानं पाहिलंच नाही, हॉलकडे पाहिलं. माष बोलायला लागले आणि हॉलमधल्या निम्म्या माणसांचे ओठ त्यांच्याबरोबर हलायला लागले. डांबर पातळ आलंय, असं टॅक्सी चालवणारे म्हणत होते, नर्सेस म्हणत होत्या, बँकेतले मॅनेजर म्हणत होते, आणि रडत होते. शटडाऊनमध्ये सोबत काम केलेला एक आडदांड फोरमन रुमालात तोंड घालून हुंदके देत होता. पाचशे माणसं डांबरासाठी रडताहेत, हे दृश्य जयप्रकाशनं तोंड उघडं टाकून पाहिलं. बायको गेलेल्या माणसाला तिच्याबद्दल बोलवत नाही म्हणून तो डांबराचं बोलतोय, हे त्यांना ठाऊक होतं. जयप्रकाशला ते आत्ता, इतक्या वर्षांनी कळत होतं.

मग त्यानं स्मिताकडे पाहिलं. तिनं चष्मा लावला होता. नजर डावीकडून उजवीकडे सरकत होती, परत डावीकडे येत होती. मध्येच ती सरकायची थांबली. स्मितानं चष्मा काढला आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्याचा त्याला काही केल्या अर्थ लागेना.

दिवे लागले. माइकपाशी जाऊन त्यानं चार पानं बाहेर काढली, पाहिली आणि परत खिशात घातली.

‘मला मल्याळी येत नाही,’ तो इंग्रजीत म्हणाला. ‘आत्ता तुम्ही जो सीन पाहिलात, तो माझा सगळ्यात आवडता सीन. आणि त्यात ते डांबराबद्दल बोलतात, हे मला आज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी कळलं.’

पहिल्या रांगेतून हसू आलं. ते कोणाचं, हे त्याला न बघताही कळलं, कारण ते हसू आधी नाकातून येई आणि मग आवरत नसे. तिच्यामागोमाग सगळा हॉल हसला, फोरमनसुद्धा डोळे पुसता पुसता हसला.

जयप्रकाशला सुटल्यासारखं झालं आणि तो बोलत गेला, इंग्रजीतून हिंदीत घसरला, हिंदीतून परत इंग्रजीत चढला. मूल गेल्याचं त्यानं सांगितलं. रजा न मागितल्याचंही सांगितलं. हे त्यानं आजवर स्मिताशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. मग म्हणाला, ‘माझा दोस्त शेजारी बसून मला सांगत होता. त्यानं जे सांगितलं ते तुम्हाला सांगतो.’ आणि त्यानं ती वाक्यं म्हटली. तिला तुझं बोलणं नकोय. तू जाऊन तिच्याशेजारी बस. रिकाम्या हातानं गेलास तरी चालेल, पण जा.

हसू थांबलं होतं. त्या हॉलमधल्या पुष्कळ माणसांची कोणती ना कोणती वेळ हुकलेली होती. कोणाच्या बापाचं शेवटचं दर्शन, कोणाचं बाळंतपण. मागे कोणीतरी खुर्ची सरकवून बाहेर गेलं.

‘माझ्या धंद्यात चुकीचं रीडिंग देणारा मीटर आम्ही फेकून देतो,’ जयप्रकाश म्हणाला. ‘हा मीटर मी सव्वीस वर्षं वापरला आणि यापुढेही वापरणार आहे. नझीर, उभा राहा.’

माणसं वळून बघायला लागली. चहाच्या थर्मासांमागे कोणी नव्हतं.

टाळ्या बराच वेळ चालल्या. तो खाली येऊन स्मिताशेजारी बसला. तिनं पदरानं डोळे पुसले आणि परत तिला हसू फुटलं. ‘डांबर!’

‘तुला राग नाही आला?’

‘कशाचा? तुम्ही कराडला येऊन तीन दिवस माझ्याशेजारी बसलात, ते काय त्या सिनेमात होतं? ते मी डोळ्यांनी पाहिलंय.’ मग ती इकडे तिकडे बघायला लागली. ‘नझीरभाई कुठं गेले? जा, बघा. असं स्टेजवरून हाक मारतात का माणसाला?’

नझीर हॉलच्या मागच्या बाजूला, गाड्या लावायच्या जागेत सिमेंटच्या कट्ट्यावर बसला होता. बाहेर अजून उकडत होतं. जयप्रकाश तोंडभरून हसत त्याच्याकडे गेला.

‘अरे, सब ठीक हो गया. हंसी वो. तुम इधर क्यों भागा? इतना अच्छा डायलॉग बनाया तुमने, माष को भी नहीं सूझा!’

‘मेरा नहीं है वो,’ नझीर म्हणाला. ‘महमुदा का है.’

महमुदा नझीरची बायको. चार वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा जयप्रकाश आणि स्मिता दोघंही तिच्या मातीला गेले होते.

नझीर थांबत थांबत सांगत राहिला. एकोणनव्वद साली तो इथे एकटाच होता, महमुदा गावी होती. त्यांची पहिली मुलगी जिकरा तीन वर्षांची असताना तापानं गेली. हे जयप्रकाशला ठाऊक नव्हतं. तीस वर्षांत त्या पोरीचं नाव नझीरनं त्याच्यासमोर कधी घेतलं नव्हतं. दफन झाल्यावर दहा दिवसांनी महमुदाचं पत्र आलं. मला तुमचं बोलणं नकोय, तिनं लिहिलं होतं. येऊन नुसते बाजूला बसा. रिकाम्या हातानं आलात तरी चालेल, पण या.

‘उस दिन कॅसेट चालू था, और तुम्हारा मुंह देखा मैंने,’ नझीर म्हणाला. ‘माष क्या बोल रहा था, मेरे को सुनाई ही नहीं दिया. वो लेटर पूरा मुंह से निकल गया.’

जयप्रकाशनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘उस जमाने में कौन छुट्टी देता था, नझीर? दो साल का काँट्रॅक्ट, पासपोर्ट कंपनी के पास. तुम क्या करता?’

‘छुट्टी मिला था,’ नझीर म्हणाला. ‘पंद्रह दिन का. टिकट भी मिला. मैं एअरपोर्ट गया, उधर कुर्सी पे बैठा. उसको क्या बोलूंगा, वही सोचते बैठा. फ्लाइट चला गया.’

आत पुढच्या वक्त्याचं मल्याळी भाषण सुरू झालं होतं. जयप्रकाशचा हात त्याच्या खांद्यावर तसाच राहिला.

‘भाभी को मालूम था?’

नझीरनं नकारार्थी मान हलवली. ‘मैंने उसको लिख दिया कि साब ने ना बोला. मरने तक वो सबको बोलती थी, जेपी. तुम्हारी स्मिता को भी बोला होगा. बोलती थी, बेचारे को छुट्टी नहीं मिला.’